तपासणीनंतरचा दिवस

पालक : ताई, तुमच्या तपासण्यांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझा मुलगा तिशी ओलांडून गेला. बोलत नाही, घास भरवावा लागतो, आणि कित्येक वर्षं एका निवासी संस्थेत आहे. एवढ्या काळात तिथे समित्या येताना मी पाहिल्या आहेत. समिती येणार हे संस्थेला आदल्या दिवशीच कळलेलं असतं. त्या दिवशी पोरांच्या अंगावर इस्त्रीचे कपडे, पलंगांवर घडी न मोडलेल्या चादरी, फळ्यावर आठवड्याचा आहार, आणि त्या एका दिवशी खरोखरच फळ्यावरचं जेवण. साहेब हजेरीपट चाळतात, चहा घेतात, भेट नोंदवहीत ‘कामकाज समाधानकारक’ असा शेरा मारतात आणि गाडीत बसतात. नाहीतर दुसरं टोक. कुठेतरी काहीतरी भयंकर घडतं, पेपरात येतं, कॅमेरे येतात, पोलिस येतात, दाराला सील लागतं. या दोन टोकांच्या मधलं काही माझ्या मुलाच्या वाट्याला कधी आलं नाही. म्हणून विचारतो, तुम्ही तपासता म्हणजे नेमकं काय तपासता?

तपासनीस : काका, तुम्ही सांगितलेली तपासणी मीही पाहिली आहे. तिला तपासणी म्हणणं मी सोडलं. कागदावरून संस्था तपासायची तर कागद संस्थेनेच लिहिलेले असतात. तरी कागदही वाचता यावे लागतात. एका ठिकाणी मी वजनाची नोंदवही उघडली. प्रत्येक मुलाचं वजन दर महिन्याला बेताने वाढलेलं, एकच हस्ताक्षर, एकच पेन, आणि शाईचा रंग वर्षभर जराही बदललेला नाही. मी वजनकाटा मागितला. तो शोधायला अर्धा तास गेला. सापडला तेव्हा त्याच्या काचेवर धुळीचा थर होता. त्या नोंदवहीवर आधीच्या दोन तपासण्यांच्या सह्या होत्या.

म्हणून आता आधी माणसांकडे जाते. टाचा आणि माकडहाड बघते. सतत एकाच स्थितीत झोपवून ठेवलेल्याला तिथेच जखमा होतात. दात बघते, नखं बघते. ब्रश ओले आहेत की कोरडे, चाळीस जणांत टॉवेल किती, संडासाला आतून कडी आहे का. सकाळी अकरा वाजता सगळे झोपलेले असतील तर औषधांचं कपाट उघडायला लावते. ‘शांत राहण्याच्या’ गोळ्या कुणाच्या चिठ्ठीवर आल्या, ती चिठ्ठी किती जुनी आहे, आणि रात्रपाळीला माणूस नसण्याची भरपाई गोळ्यांनी होते आहे का, ते तिथे कळतं. जेवणाच्या वेळी मुद्दाम थांबते. आडवं झोपवून भरवलं की अन्न श्वासनलिकेत जातं, न्यूमोनिया होतो आणि मूल जातं. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. पण भरवणाऱ्याला पोराची पाठ उचलून धरायला कुणी शिकवलं होतं का, हा प्रश्न त्या दाखल्यावर कुठेच नसतो. त्याहून वाईट म्हणजे ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असा दाखला. हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं. ते मृत्यूचं कारण होत नाही.

पालक : हे सगळं मला पटतं, आणि म्हणूनच माझी शंका वाढते. तुम्ही जे मोजलंत ती क्रूरता आहे की गरिबी? परिपोषण अनुदान वेळेवर येत नाही, येतं तेव्हा पुरत नाही. रात्री चाळीस जणांमागे एक मावशी. तिलाही घर आहे, गुडघेदुखी आहे, आणि हातात येणाऱ्या मानधनात तिचं भागत नाही. ती एकाला पाठीशी उशी लावून सावकाश भरवायला बसली तर उरलेले एकोणचाळीस उपाशी राहतील. तुम्ही येता, टाचेवरची जखम बघता, अहवाल लिहिता, आणि शेवटी गुन्हा दाखल होतो तो तिच्यावर. विश्वस्त मंडळाची बैठक तिकडे पंख्याखाली चालू असते. माझ्या मुलाला बारा वर्षं तिनेच आंघोळ घातली. तिला तुरुंगात टाकून तुम्ही काय सिद्ध करणार?

तपासनीस : मावशीबद्दल तुम्ही बोललात त्यावर माझं दुमत नाही. चौकशी खालच्या माणसापाशी थांबली की तिच्यातून काहीच निष्पन्न होत नाही. पाळीचा तक्ता कुणी मंजूर केला, जागा भरायच्या नाहीत हे कुणी ठरवलं, तक्रार पहिल्यांदा कुणाच्या टेबलावर आली, हे विचारलंच पाहिजे. पण गरिबी हे कारण मी पूर्ण मान्य करत नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं खासगी रुग्णालय होतं, बौद्धिक अपंगत्व आणि स्वमग्नता असलेल्यांसाठी. एका माणसामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड सरकारी पैसा मिळत असे. तिथे काम करणाऱ्या एका वरिष्ठ परिचारकाने आतून तक्रार केली, देखरेख करणाऱ्या आयोगालाही कळवलं. काही हललं नाही. शेवटी बीबीसीचा पत्रकार काळजीवाहक म्हणून नोकरीला लागला आणि छुपा कॅमेरा घेऊन आत वावरला. मे 2011मध्ये ते चित्रण दाखवलं गेलं. माणसांना जमिनीवर दाबून धरलेलं, थपडा मारलेल्या, कपड्यांसकट थंड पाण्याखाली ढकललेलं. अकरा जण दोषी ठरले, सहा तुरुंगात गेले. तिथे पैशाची टंचाई नव्हती. आत येणारं माणूस नव्हतं, आणि आतून बोलणाऱ्याचं कुणी ऐकलं नाही.

आणि दुसरी गोष्ट, क्रूर माणूस नसतानाही अन्याय होतो. शिरूरचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. फेब्रुवारी 1994, पुण्याचं ससून रुग्णालय. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची आणि बायकांची गर्भाशयं काढली. पाळीच्या दिवसांत स्वच्छता राखता येत नाही, हे कारण. महिला संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते रस्त्यावर आले तेव्हा ते थांबलं, तोवर अकरा जणींची शस्त्रक्रिया झाली होती. ते लपूनछपून झालं नव्हतं. शिक्क्यानिशी, डॉक्टरांकडून, सोयीच्या नावाखाली झालं होतं. अशा वेळी कुठली जखम शोधणार? नोंदवह्या तर सगळ्या नीटच असणार.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 92 आहे. ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्याने जाणूनबुजून तिला अन्न किंवा पाणी नाकारलं तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद. ‘जाणूनबुजून’ हा शब्द तिथे आहे, आणि माझी निम्मी लढाई त्याच्याशी असते. रात्री लघवीने अंथरूण ओलं होऊ नये म्हणून संध्याकाळी पाचनंतर पाणी द्यायचं नाही, असा नियम मी पाहिला आहे. तो करणाऱ्या बाईला आपण पाणी नाकारतो आहोत असं वाटतच नव्हतं. तिला वाटत होतं, आपण चादरी वाचवतो आहोत.

पालक : बरं, मग सिद्ध कसं करणार? माझा मुलगा मान हलवतो. जेवलास का म्हटलं तरी हलवतो, उपाशी आहेस का म्हटलं तरी हलवतो. तुम्ही विचारलंत, तुला कुणी मारलं का, तो मान हलवील. कुणी मारलं नाही ना, तरी हलवील. त्या मानेवर तुम्ही एखाद्याला आत टाकणार की एखाद्याला सोडून देणार? आरोपीच्या वकिलाला दोन प्रश्न पुरतील. एक विचारून साक्ष मोडायची, दुसरा विचारून हसं करायचं. आणि ज्याच्यावर खोटा आळ आला त्याचं काय? काळजीवाहकही कुणाचा तरी मुलगा असतो.

तपासनीस : खोट्या आळाची भीती खरी आहे. म्हणून तर कसं विचारायचं हे शिकावं लागतं. ‘हो’ म्हणण्याची सवय बहुतेक संस्थांनीच लावलेली असते. नाही म्हणणाऱ्याला तिथे त्रास होतो. म्हणून हो-नाहीचे प्रश्न विचारायचेच नाहीत. दोन चित्रं पुढे ठेवायची. तोच प्रश्न उलटा करून वेगळ्या दिवशी विचारायचा. ज्याच्यावर संशय आहे तो त्या आवारात नसला पाहिजे. विचारणारं माणूस एकच असलं पाहिजे, आणि त्याने आधी दोन-चार वेळा नुसतं येऊन बसलेलं असलं पाहिजे. कित्येकदा विचारावंच लागत नाही. अमुक माणूस खोलीत शिरला की हा मुलगा भिंतीला चिकटतो, तमुक शिरला की चिकटत नाही, हे तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या लोकांनी, एकमेकांशी न बोलता नोंदलं तर तो पुरावा उभा राहू लागतो. पुरावा मोडतो तो आपल्या उत्साहाने. आधी शिक्षिका विचारते, मग अधीक्षक, मग बालकल्याण समिती, मग पोलिस, मग डॉक्टर, मधेच एखादा पत्रकार. प्रत्येक जण थोडं थोडं सुचवतो. न्यायालयात पोचेपर्यंत त्या मुलीचे स्वतःचे शब्द उरलेलेच नसतात. मी सगळ्यांना एकच सांगते : ज्याने पहिल्यांदा ऐकलं त्याने ते जसंच्या तसं लिहावं, तारीख-वेळ घालावी आणि पुढचा प्रश्न विचारू नये.

आणि कायदा तुम्हाला वाटतो तितका मागे नाही. जो बोलू शकत नाही त्याने खुणांनी किंवा लिहून दिलेली साक्ष पूर्वीही धरली जायची. 2013च्या दुरुस्तीने त्यात दुभाष्या किंवा विशेष शिक्षकाची मदत आणि चित्रीकरण आलं. नव्या साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद आहे. लैंगिक गुन्ह्यात दिव्यांग पीडितेने दंडाधिकाऱ्यासमोर दिलेला जबाब हाच पुढे सरतपासणी म्हणून धरता येतो, म्हणजे तेच पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही. 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की केवळ अपंगत्वामुळे साक्ष कमी दर्जाची ठरत नाही. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातून गेलेल्या स्मृती तुकाराम बडदे प्रकरणात अशा साक्षीदारांसाठी वेगळी साक्ष-केंद्रं उभारायचे आदेश निघाले.

पालक : आदेश आहेत, मान्य. पण विशेष शिक्षक कुठला आणायचा? ज्याला माझ्या मुलाच्या खुणा कळतात तो त्याच संस्थेच्या पगारावर असतो. कळंबोलीचंच घ्या. पनवेलजवळच्या त्या घरातल्या मुलींवर काय गुदरलं ते 2011मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. मी तर ते पेपर घरात बायकोच्या हाताला लागू दिले नव्हते. 2013मध्ये सत्र न्यायालयाने मुख्य आरोपीला फाशी सुनावली, आणि पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने खुनाचा आरोप टिकत नाही म्हणून फाशी रद्द करून दहा वर्षांची शिक्षा ठेवली. निकालावर बोलायचा अधिकार मला नाही. पण एक बाप म्हणून मला एवढंच दिसलं की एवढं सगळं होऊनही मेलेल्या मुलीच्या बाबतीत उत्तर मिळालं नाही.

तपासनीस : मला त्या प्रकरणात वेगळंही काही दिसतं. शहापूर तालुक्यातल्या एका घरातल्या मुलांच्या मृत्यूंच्या बातम्या आल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ही समिती राज्यातली मतिमंद मुलांची घरं एकेक करून बघत होती, आणि कळंबोलीचं त्यातूनच उघड झालं. म्हणजे एका घटनेमागे न धावता सगळीच दारं उघडायची, असं ठरवून केलेलं ते काम होतं. आणि ज्या मुलींना काही सांगताच येणार नाही असं सगळे धरून चालले होते, त्यांचं म्हणणं न्यायालयापर्यंत पोचलं, त्यावर शिक्षा झाली. हे लहान नाही.

मृत्यूबद्दल तुम्ही म्हणता ते मात्र खरं आहे, आणि कळंबोलीपुरतं नाही. निवासी संस्थेत कुणी गेलं की बहुतेकदा घाईने अंत्यसंस्कार होतात. नातेवाईक नसतात किंवा लांब असतात, शवविच्छेदन कुणी मागत नाही. जिवंतपणी ज्याचं बोलणं पुरावा मानलं नाही त्याचं शरीर हा शेवटचा पुरावा असतो, आणि तोही जातो. अशा प्रत्येक मृत्यूची बाहेरच्या डॉक्टरांकडून छाननी व्हायलाच हवी. आठवड्याच्या आहाराचा फळा नाही बघितला तरी चालेल. दिल्लीच्या आशा किरण या सरकारी गृहात जुलै 2024मध्ये एका महिन्यात डझनाहून जास्त माणसं गेली तेव्हा देशभर बातम्या झाल्या. एकेक करून, वेगवेगळ्या महिन्यांत गेली असती तर बातमीही झाली नसती.

पालक : आता मी जे बोलणार आहे ते तुम्हाला भित्रेपणाचं वाटेल. तरी बोलतो. समजा तुम्ही सगळं नीट केलंत. पुरावा मिळाला, गुन्हा सिद्ध झाला. दुसऱ्या दिवशी माझा मुलगा कुठे जाणार? तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या एका घराला 6 ऑगस्ट 2001ला आग लागली, साखळीने बांधलेले अठ्ठावीस जण जळून गेले. देश हादरला. मग आजूबाजूची तसली सगळी घरं बंद झाली आणि शेकडो माणसं सरकारी गाड्यांतून भलतीकडे हलवली. कुणी त्यांना विचारलं होतं? बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या निवारागृहातल्या मुलींवरच्या अत्याचाराचं बिंग फुटलं, त्या मुली दुसऱ्या घरांत गेल्या, आणि 2019मध्ये मोकामाच्या घरातून सात मुली पळून गेल्याची बातमी आली, त्यांत याच खटल्यातल्या काही होत्या. माझ्या मुलाची उशी बदलली तर तो दोन रात्री झोपत नाही. त्याला अनोळखी दालनात, अनोळखी हातांत नेऊन टाकणं हीसुद्धा इजाच आहे. तिचा पंचनामा कोण करतं?

मागे एकदा त्याच्या दंडावर मला वळ दिसले, बोटांच्या अंतराचे. विचारलं तर म्हणाले, पडला. पडल्यावर बोटं उमटत नाहीत हे मला कळतं. मी तेवढंच विचारलं. पुढच्या महिन्यात भेटीची वेळ दोन तासांवरून अर्ध्या तासावर आली, सगळ्यांसाठी नाही, माझ्यासाठी. बाकी कुणी काही बोललं नाही, बोलायची गरज नव्हती. ताई, माझं वय झालं. बायको गेली. आमच्यासारख्यांच्या घरात एकच प्रश्न असतो, आमच्यानंतर याचं काय? संस्थेला तो प्रश्न माझ्याइतकाच पाठ आहे. वझ्झरचे शंकरबाबा पापळकर अठरा वर्षांनंतरच्या बेवारस दिव्यांगांसाठी कायदा करा म्हणून किती वर्षं ओरडताहेत. बालगृहाचं वय संपल्यावर ही मुलं जाणार कुठे? पापळकरांनी अशा मुलांना स्वतःचं नाव लावलं, घर दिलं. 2024मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कायदा मात्र अजून आलेला नाही. पर्याय नसलेल्या माणसाला तुम्ही तक्रार कर म्हणता तेव्हा नेमकं काय मागता ते एकदा बघा.

(लिहिणाऱ्याला इथे थांबावंसं वाटतं. पालकांच्या गप्प राहण्याला आपल्याकडे सर्रास उदासीनता म्हणतात. टाकून दिलं पोराला, असं शेजारीपाजारी बोलतात. अर्ध्या तासाच्या भेटीसाठी एसटी बदलत येणाऱ्या बापाला हे शब्द लावणं मला अन्यायाचं वाटतं.)

तपासनीस : मी याला भित्रेपणा म्हणणार नाही. पण तुमच्याच मुलाच्या शेजारच्या पलंगावर सोळा वर्षांची मुलगी असती आणि तिच्याबद्दल तुम्हाला संशय असता, तर गप्प राहायची मुभा कायदा देत नाही. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं माहीत असून न कळवणं हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. आणि हे फक्त कायद्याचं नाही. तुमची भीती आणि तिच्यावर हात टाकणाऱ्याचं धाडस, दोन्ही एकाच गोष्टीवर जगतात : जागा दुसरीकडे नाही.

तुमचं म्हणणं मी असं घेते. चौकशीच्या आदेशातच प्रत्येक माणसाचं नाव, आणि तो उद्या कुठे, कुणाबरोबर असेल ते लिहिलेलं हवं. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक या निवासी संस्थेत तेच घडलं, पण फार हळू. चार हजारांसाठी बांधलेल्या जागेत सहा हजार माणसं कोंबली होती. रॉबर्ट केनेडींनी 1965मध्ये ती बघून जाहीर संताप व्यक्त केला, फरक पडला नाही. 1972च्या जानेवारीत नोकरीवरून काढलेल्या एका डॉक्टरपाशी एका इमारतीची किल्ली राहिली होती. त्याने पत्रकार हेराल्डो रिव्हेराला आत नेलं आणि देशाने ती उघडी, विष्ठेत बसलेली मुलं टीव्हीवर पाहिली. त्याच चित्रणात बर्नार्ड कॅराबेयो बोलतो. त्याला सेरेब्रल पाल्सी होती. तीन वर्षांचा असताना मतिमंद ठरवून तिथे टाकलं, अठरा वर्षं तो आत होता, आणि बुद्धीने पूर्ण शाबूत होता. तेवढ्या वर्षांत त्याचं बोलणं समजून घ्यायला पुरेसा वेळ कुणी त्याच्याजवळ बसलं नव्हतं. 1975मध्ये न्यायालयात तडजोडीचा हुकूमनामा झाला, माणसांना वस्त्यांमधल्या छोट्या घरांत न्यायचं ठरलं. विलोब्रुक बंद व्हायला 1987 उजाडलं. विंटरबोर्न तर चित्रण दाखवल्यावर महिन्याभरात बंद झालं. पण तशा रुग्णालयांत उगाच अडकलेल्यांना जून 2014पर्यंत घरं देऊ म्हणून सरकारने दिलेला शब्द पाळला गेला नाही. दार उघडणं आणि माणूस बाहेर येणं यांत एवढं अंतर पडतं.

पण म्हणून मी थांबू? पर्याय उभा राहीपर्यंत आज रात्री ज्याच्यावर हात पडतो आहे त्याला काय सांगू?

पालक : थांबू नका. बंद करू नका, एवढंच. इमारत, पलंग, ओळखीच्या मावश्या तिथेच ठेवा आणि वरची माणसं बदला. प्रशासक नेमा. संशयित बाहेर जाऊ द्या, राहणारे का जावेत? चोरी झाली म्हणून घरमालकालाच घराबाहेर काढतात का?

तपासनीस : ज्या ठिकाणी एकटा माणूस वाईट आहे तिथे हे बरोबर आहे, आणि ते फार कमी वेळा केलं जातं. पण काही ठिकाणी घरच वाईट असतं. साठ माणसं एका दालनात, एका फाटकाआड, गावापासून चार किलोमीटर, आणि रात्री किल्ली एकाकडे. तिथे तुम्ही संत आणून बसवा, त्याच्यानंतर कोण? वझ्झरला पापळकरांनी जे केलं ते मला थोर वाटतं, आणि म्हणूनच काळजीचंही वाटतं. एका माणसाच्या आयुष्यावर एवढं ओझं ठेवून राज्याने निर्धास्त राहू नये.

मात्र सगळी मोठी घरं मोडा, असं मी छातीठोकपणे सांगत नाही. ऑस्ट्रेलियात दिव्यांगांवरच्या हिंसेची शाही आयोगाने चार वर्षांहून अधिक काळ चौकशी केली. सप्टेंबर 2023मध्ये अंतिम अहवाल आला, 222 शिफारशी. समूहगृहं पूर्ण संपवायची का, यावर आयुक्तांचंच एकमत झालं नाही. हजारो माणसांचं ऐकलेले लोक होते ते.

पालक : मग माझ्याकडून ऐका, कारण मी तिथे वर्षानुवर्षं जातो. तुमची वार्षिक तपासणी नको. दर आठवड्याला कुणीतरी आत यायला हवं, न सांगता. अधिकारीच कशाला, गावातली माणसं येऊ देत, कॉलेजची मुलं येऊ देत, पालक येऊ देत. केस कापायला येणारा न्हावीसुद्धा डोक्यावरच्या खोका बघतो. आणि पालकांनी आपलंच पोर बघू नये. मी जोशींच्या मुलीला भेटावं, त्यांनी माझ्या मुलाला. म्हणजे तक्रार झाली तर कुणाच्या बापाने केली ते संस्थेला लगेच कळणार नाही. डूख धरायला एक माणूस सापडायला नको.

तपासनीस : हे मला आवडलं, आणि लगेच अडचणही दिसली. दुसऱ्याच्या मुलीच्या अंगावरचे वळ तुम्ही कसे बघणार? तिने तुम्हाला जवळ का येऊ द्यावं? तिच्या अंगाला आधीच खूप जणांनी तिला न विचारता हात लावलेला असतो. आंघोळ, कपडे, पाळी, सगळं परक्या हातांनी. तुमचे चांगले हात तिला वेगळे कसे कळणार? येणाऱ्याला आधी शिकवावं लागेल, आणि मदत करायला आलेल्यांतही कधी कधी शिकारी असतो. बाकी, ज्याला भेटायला कुणीच येत नाही त्याचं काय? पोलिसांनी स्टेशनवरून आणलेली, समितीच्या आदेशाने दाखल झालेली, नाव संस्थेनेच ठेवलेलं. अदलाबदलीला त्यांच्याकडे पालकच नाही. मला सगळ्यात जास्त धोका त्यांच्याबाबत वाटतो.

पालक : त्यांच्यासाठी सरकार आहे ना? डिसेंबर 2022मध्ये दिव्यांगांसाठी वेगळा विभाग केला, देशात पहिला म्हणून कौतुक झालं.

तपासनीस : विभाग आहे. आणि दिव्यांग हक्क कायद्यात कलम 7ही आहे. दिव्यांग व्यक्तीचा छळ होतोय असं वाटण्यास कारण असेल तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतं. साध्या भाषेत, तहसीलदाराला. तो सुटकेचा आदेश देऊ शकतो, राहण्याची सोय करायला सांगू शकतो, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर त्यासाठी कारवाई होत नाही. पण ‘कुणीही’ म्हणजे कोण, काका? फाटकाच्या आत नियमित जाणारी माणसं किती आहेत?

पालक : म्हणजे मी.

तपासनीस : बहुतेक ठिकाणी, हो.

पालक : आणि माझं नाव गुप्त राहील?

तपासनीस : कागदावर राहील. पण साठ माणसांच्या घरात बिननावाच्या पोराबद्दल कुणी बोललं तर ते कोण असेल हे अधीक्षकाला दुपारपर्यंत कळेल. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. तुमच्या मुलाची जागा जाऊ शकते, आणि त्याला द्यायला माझ्याकडे आज दुसरी जागा नाही.

पालक : मग आज माझी सही मागू नका. पुढच्या भेटीला मी भेट नोंदवही मागेन, ती बघायला पालकाला कुणी नाही म्हणत नाही. वर्षभरात ज्यांच्या नावापुढे एकही सही नाही अशी नावं उतरवून आणेन. दंडावरचे वळ पुन्हा दिसले तर फोटो काढेन, तारखेसकट. तुम्ही तोवर तीन जागा शोधा, कागदावर नाही, प्रत्यक्ष पलंग. एक माझ्या मुलासाठी आणि दोन त्या बेवारस नावांतल्या कुणासाठी. त्या मिळाल्या तर सहीचं पुन्हा बोलू.

तपासनीस : मी शोधेन. पण त्या नावांतलं एखादं मूल आत्ता संकटात आहे असं मला दिसलं, तर मी तुमच्या सहीसाठीही थांबणार नाही आणि जागेसाठीही. हे आत्ताच सांगून ठेवते, नंतर फसवलं असं वाटायला नको.

पालक : त्या दिवशी मला आधी फोन करा. मी तिथे येऊन त्याच्याजवळ बसेन, मग तुम्ही काय करायचं ते करा.